तळे पुन्हा जिवंत करण्याचे गणित

यवतमाळ, पुसद, दारव्हा, वणी यांसारख्या गावांच्या उताराच्या बाजूला बहुधा एखादी सखल जागा असते. पावसाळ्यात तिथे पाणी साचते. वस्ती विरळ होती तोवर अशा जागी म्हशी डुंबत, बगळे उतरत, कडेला पाणकणीस माजे. पुढे घरे वाढली. पावसाच्या पाण्याच्या नाल्यात मोऱ्यांचे पाणी मिसळले, काठावर राडारोडा पडू लागला आणि तळ्याचे काळे, दुर्गंधी सुटलेले डबके झाले. मग नगरपालिकेकडे दोनच सूचना जातात. एक, ते बुजवून टाका. दुसरी, सुशोभीकरण करा. म्हणजे खोल खणा, चारी बाजूंनी दगडी भिंत घाला आणि मध्ये कारंजे उडवा. पहिल्या सूचनेने तळे लगेच मरते, दुसरीने ते चार-पाच वर्षांनी मरते, एवढाच काय तो फरक.

विद्यार्थी मित्रहो, याहून वेगळा एक मार्ग आहे आणि तो समजून घेण्यास नववी-दहावीचे भौतिकशास्त्र व गणित पुरेसे आहे. तोच आज पाहू.

वर्षाचा काही काळ तरी जिथली जमीन उथळ पाण्याखाली किंवा चिखलात असते, तिला पाणथळ म्हणतात. पाणथळींच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर या गावी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या यादीत महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर व लोणार यांना २०२० मध्ये आणि ठाणे खाडीला २०२२ मध्ये स्थान मिळाले. गावाकडेच्या तळ्यांना अशा यादीत जागा नसते. पण नियम त्यांनाही तेच लागू पडतात. निदान निसर्गाचे तरी.

पाणथळ पाणी कसे स्वच्छ करते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. कलकत्त्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ प्रदेश असून शहराचे सांडपाणी कालव्यांनी तिकडे जाते. तेथील कोळी व शेतकरी ते उथळ तळ्यांत खेळवून त्यावर मासे आणि भाजीपाला पिकवतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने या सांडपाण्याचे पुढे होते तरी काय याचा माग काढला. तेव्हा असे दिसले की ऊन, शेवाळ, जीवाणू आणि मासे मिळून एखाद्या शुद्धीकरण केंद्राचे काम करीत आहेत. यंत्र म्हणावे असे तिथे फारसे काही नव्हते. पाणी उथळ होते आणि त्याला थांबायला वेळ होता, या दोन गोष्टींवर सारे चालले होते.

तेव्हा आपल्या तळ्याच्या आराखड्यात पहिला प्रश्न असा: पाणी किती वेळ थांबले पाहिजे?

गाळ खाली बसण्यास लागणारा वेळ

एका उभट काचेच्या बाटलीत मूठभर काळी माती घ्या, पाणी भरून खूप हलवा आणि बाटली टेबलावर ठेवा. वाळूचे कण लगेच तळाशी जातात. दुसऱ्या दिवशीही वरचे पाणी गढूळच असते. असे का? पाण्यात पडणाऱ्या लहान गोल कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा नियम स्टोक्सने १८५१ साली मांडला. व्यास दहापट लहान झाला की वेग शंभरपट कमी होतो. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण १ मीटर खाली जायला साधारण २ मिनिटे घेतो. ०.०१ मिलिमीटरचा पोयट्याचा कण ३ तास घेतो. आणि ०.००१ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण? सुमारे १३ दिवस, तेही पाणी अगदी निश्चल असेल तर!

आता गंमत पाहा. तळे दुप्पट खोल खणले तर त्यात दुप्पट पाणी मावेल, म्हणजे पाणी दुप्पट काळ थांबेल. मग गाळही जास्त बसेल, असे वाटते. पण कणाला तळाशी पोहोचण्यासाठी अंतरही दुप्पट कापावे लागते! फायदा शून्य. गाळ किती बसेल हे खोलीवर अवलंबून नसून पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, हे ॲलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने १९०४ साली दाखवून दिले. ‘खोल खणा’ म्हणणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला हवे.

म्हणून नाला तळ्यात शिरतो तिथे एक वेगळे, पसरट गाळकुंड ठेवतात. वाळू, पोयटा आणि घन मैला तिथेच अडतो. कुंडापर्यंत ट्रॅक्टर जाईल अशी उतरती वाट मात्र हवी, कारण ते दर उन्हाळ्यात उपसावे लागते. वाट नसली की उपसा होत नाही आणि दोन पावसाळ्यांत कुंडाचे मैदान होते.

अर्ध-आयुष्य

विरघळलेली घाण गाळकुंडात बसत नाही. ती जीवाणूच खातात आणि त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. किती लागतो, हे ‘बीओडी’ या मापाने सांगतात. एक लिटर पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू ठरावीक दिवसांत जितके मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरतात, तितका त्या पाण्याचा बीओडी. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सियसला ३ दिवस करतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी २०० ते ३०० असतो.

याच्या समोर पाण्याची शिल्लक ठेवून पाहा. ३० अंश तापमानाला समुद्रसपाटीवर एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब कमी; म्हणून हा आकडा ७ च्या आसपास येतो. गरज २४०, शिल्लक ७. तळ्याला दुर्गंधी का येते याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. ऑक्सिजन संपला की दुसऱ्या जातीचे जीवाणू कामाला लागतात आणि त्यांच्या कामातून हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सुटतात.

ऑक्सिजनची भर मुख्यतः पृष्ठभागातून पडते, म्हणून पाणी उथळ हवे. आणि जीवाणूंना चिकटून बसायला आधार हवा. तो वनस्पतींचे दांडे व मुळे पुरवतात. १९५० च्या दशकात जर्मनीत कॅथे झाइडेल या शास्त्रज्ञ बाईंनी लव्हाळ्यासारख्या वनस्पतींवर प्रयोग करून पाणवनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करता येते हे दाखवले. आपल्या शेजारी नागपूरला १९५८ साली स्थापन झालेली आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. तिने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली. तीत पाणी खडीच्या थरातून, पृष्ठभागाच्या खालून वाहते आणि खडीत कर्दळ, पाणकणीस, देवनळ अशी झाडे लावलेली असतात. पाणी उघडे नसल्यामुळे डास नाहीत, वासही नाही. मात्र खडीचा खर्च येतो. मोठ्या तळ्यासाठी उघडी दलदलच परवडते.

आता नियम. किरणोत्सारी पदार्थाचे अर्ध-आयुष्य तुम्ही शिकला असाल: ठरावीक काळात निम्मे उरते, पुन्हा तितक्याच काळात त्याच्या निम्मे. दलदलीतून वाहणाऱ्या पाण्याचा बीओडी ढोबळमानाने असाच घटतो. उष्ण प्रदेशातील उथळ दलदलीसाठी आपण हे अर्ध-आयुष्य २ दिवस धरू.

समजा, नाल्यातून ५,००० लोकवस्तीचे सांडपाणी येते. माणशी १०० लिटर धरले तर दिवसाला ५०० घनमीटर झाले. गाळकुंडातून बाहेर पडताना त्याचा बीओडी १६० उरला आहे. दोन दिवसांनी तो ८०, चार दिवसांनी ४०, सहा दिवसांनी २०. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी आपल्याकडे ३० ही मर्यादा फार वर्षे चालत आली आहे. २० म्हणजे तिच्या आत.

सहा दिवसांचे पाणी म्हणजे ३,००० घनमीटर. दलदलीची खोली ४० सेंटिमीटर ठेवू. दांड्यांनी चौथाई जागा अडवली, तर पाण्याला उरली प्रत्यक्षात ३० सेंटिमीटर. ३,००० ला ०.३ ने भागले की १०,००० चौरस मीटर. म्हणजे बरोबर १ हेक्टर, माणशी २ चौरस मीटर. एका सतरंजीएवढी जागा माणसामागे दिली की त्याचे सांडपाणी सुधारते!

पण एक अट आहे. पाण्याने सगळ्या दलदलीतून फिरत गेले पाहिजे. पाणी आळशी असते, ते जवळची वाट शोधते. एका परातीत ओल्या मातीचे काठ करून एका बाजूने थेंब थेंब पाणी सोडा, समोरच्या काठाला खाच पाडा आणि पाण्यात शाईचा थेंब टाका. शाई सरळ खाचेकडे जाते, कोपरे स्वच्छच राहतात. आता मातीचे दोन आडवे बांध आळीपाळीने घाला, म्हणजे पाण्याला नागमोडी जावे लागेल, आणि पुन्हा शाई टाकून घड्याळ लावा. कागदावरचे सहा दिवस प्रत्यक्षात दोन दिवस होऊ नयेत म्हणून दलदलीत असेच बांध घालतात.

मे महिन्याची वाफ

विदर्भात तळे टिकवायचे तर खरी परीक्षा उन्हाळ्यात. मे महिन्यात एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण २५ मेगाज्यूल सौरऊर्जा पडते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.४५ मेगाज्यूल लागतात. भागाकार करा: १० किलो. एका चौरस मीटरवर १० किलो पाणी म्हणजे १० मिलिमीटरचा थर. काही ऊर्जा परावर्तित होते व काही उत्सर्जित होते हे खरे, पण आपला कोरडा तापलेला वारा ती तूट बरीचशी भरून काढतो. म्हणून मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी रोज सुमारे १ सेंटिमीटर उतरते असे धरणे फार चुकीचे नाही.

आपल्या १ हेक्टर दलदलीतून रोज १०० घनमीटर वाफ जाणार. ५०० आत आले, ४०० बाहेर पडले. हे ४०० घनमीटर पुढच्या मुख्य तळ्यात जाते. आता सांगा, ४०० घनमीटर रोज मिळाले तर मे महिन्यात किती मोठ्या तळ्याची वाफ भरून निघेल? ४ हेक्टर! पाच हजार लोकांच्या मोऱ्यांचे पाणी, जे आज तळे मारते आहे, तेच सहा दिवस थांबवून सोडले तर ४ हेक्टरांचे तळे ऐन उन्हाळ्यात भरलेले ठेवते. झिरपणारे पाणी यात धरलेले नाही, तेवढे कमी करावे लागेल.

मात्र घरात पाणी आले तरच मोरीत जाते. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळला पाणी पुरवणाऱ्या निळोणा व चापडोह या धरणांनी तळ गाठला आणि शहराचे अतोनात हाल झाले. अशा वर्षी नालाही आटतो. यासाठी मुख्य तळ्याच्या मध्यभागी ३-४ मीटर खोलीचा एक डोह ठेवतात. सगळे तळे आक्रसले तरी मासे व कासवे तिथे तग धरतात. सबंध तळे खोल आणि डोहापुरते खोल, यांतला भेद इथे लक्षात येईल.

डोह खणताना आणखी एक दक्षता. आपल्याकडे काळ्या मातीच्या खाली मुरूम असतो. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी सहज झिरपू देत नाही. म्हणून तर मातीच्या धरणाचा गाभा तिचाच करतात आणि बाहेरून मुरूम घालतात. तळातील हा थर खणून काढला, तर तळ्याला भोकच पडले म्हणायचे. शिवाय अर्धवट शुद्ध झालेले पाणी मुरमातून आसपासच्या विहिरींत उतरते. दलदलीचा तळ तर मुद्दाम काळी माती चोपून बंद करावा लागतो, आणि तो उन्हाळ्यात कोरडा पडू देता कामा नये; भेगा पडल्या की केलेले काम वाया.

जुलैचा पूर

२२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यात इतका पाऊस कोसळला की महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराचा वेढा पडून तेथील लोकांची सुटका करावी लागली. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो सारखा वाटून पडत नाही.

समजा आपल्या नाल्याचे पाणलोट क्षेत्र १०० हेक्टर आहे आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला. वस्तीच्या भागात त्यातले ६० टक्के पाणी वाहून येईल. म्हणजे तासाभरात ३०,००० घनमीटर, सेकंदाला सुमारे ८.३ घनमीटर. कोरड्या दिवसांत हाच नाला सेकंदाला ५.८ लिटर आणतो. म्हणजे सुमारे १,४०० पट! सहा दिवसांच्या हिशेबाने बांधलेल्या दलदलीत असा लोंढा घुसला तर झाडे मुळासकट उपटली जातील आणि तळाशी साठलेला सारा गाळ पुढे जाईल. म्हणून नाल्याच्या तोंडाशी एक ठेंगणा बंधारा घालून नेहमीचा प्रवाह दलदलीकडे वळवतात. पाणी ठरावीक उंचीवर गेले की ते बंधाऱ्यावरून बाजूच्या रुंद चरातून थेट मुख्य तळ्यात जाते.

मग तळ्याचा सांडवा किती लांब हवा? सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीचे पाणी वाहत असेल तर दर मीटर लांबीवरून सेकंदाला सुमारे ०.६ घनमीटर जाते. ८.३ ला ०.६ ने भागा, १४ मीटर. पावसाळ्यापूर्वी दार उघडून तळे अर्धा मीटर उतरवून ठेवले तर ४ हेक्टरांत २०,००० घनमीटर, म्हणजे त्या एका तासाच्या पुराचा दोन-तृतीयांश भाग मावतो. खालच्या वस्तीला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बुजवलेले तळे हे काम करू शकत नाही, आणि काठोकाठ भरून ठेवलेले सुशोभित तळेही नाही.

काठ, झाडे आणि डास

तळ्याचा काठ १० ला १ इतका सौम्य ठेवला तर मे महिन्यात पातळी १ सेंटिमीटर उतरली की १० सेंटिमीटर रुंदीचा ताजा चिखल उघडा पडतो. महिन्याला ३ मीटर. त्या चिखलात किडे, अळ्या असतात. तुतारी, शेकाट्या असे लांब पायांचे पक्षी त्यासाठीच येतात. दगडी भिंतीवर पातळी कितीही उतरली तरी पक्ष्याला पाय टेकायला जागा मिळत नाही. भिंतीपेक्षा उताराला जागा जास्त लागते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

झाडे कोणतीही लावून चालत नाही. बेशरम आणि जलपर्णी या दोन्ही परदेशी वनस्पती तळे व्यापून टाकतात. जलपर्णीच्या जाड आच्छादनाखाली ऊन व हवा पोहोचत नाही. गोंदिया-भंडारा भागात ढीवर समाजातील स्त्रीपुरुषांनी जुन्या मालगुजारी तलावांतील बेशरम उपटून तिथे स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, त्यामागे माशांचे खाद्य आणि निवारा परत यावा हा हेतू होता. ते तलाव शहरी नाहीत. पण कोणती वनस्पती किती पाण्यात जगते हे ढीवरांना जितके ठाऊक असते तितके आमच्या पुस्तकांत सापडत नाही.

वनस्पती नायट्रोजन व फॉस्फरस शोषतात, परंतु त्या कापून बाहेर नेल्या तरच. जागेवर कुजल्या की घेतलेले सगळे परत पाण्यात. बंगळूरच्या जक्कूर तलावात शुद्धीकरण केंद्राचे पाणी आधी कृत्रिम दलदलीतून जाते, मग तलावात. योजना नावाजली गेली. तथापि पोषकद्रव्ये उरतात तिथे जलपर्णी डोके वर काढतेच, आणि ती काढण्याचे काम कधी संपत नाही. तळे बांधण्यासाठी पैसा मिळतो, दरवर्षी कापणी करण्यासाठी तो मिळवणे कठीण.

डासांचा प्रश्न लोक हमखास विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. पाणी हलते आहे, त्यात मासे आहेत, दाट झाडीत मध्ये मध्ये माशांना शिरता येईल असे मोकळे पट्टे आहेत, तिथे डासांच्या अळ्या फार वाचत नाहीत. काठावर टाकलेले प्लॅस्टिकचे पेले आणि नारळाच्या करवंट्या ही त्यांची खरी पाळणाघरे.

तुम्ही काय मोजू शकाल

आराखड्याची सुरुवात प्रवाह मोजण्यापासून होते आणि ते काम शाळेला जमण्यासारखे आहे. नाल्याचा १० मीटरचा सरळ भाग निवडा. रुंदी व सरासरी खोली मोजा. वरच्या टोकाला एक संत्रे सोडा. संत्रे जवळजवळ पूर्ण बुडून तरंगते, म्हणून वाऱ्याने भरकटत नाही. आपल्याकडे ते मिळायलाही अडचण नाही. समजा रुंदी ६० सेंटिमीटर, खोली १२ सेंटिमीटर आणि संत्र्याला १०५ सेकंद लागले. तळाजवळचे पाणी सावकाश वाहते म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. उत्तर सेकंदाला ५.८ लिटर, म्हणजे दिवसाला ५०० घनमीटर येईल. सकाळी मोऱ्या जोरात वाहतात, दुपारी मंद. तेव्हा दिवसातून पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढा. हे शिक्षकांच्या सोबतीनेच करावे, सांडपाण्याला हात लावू नये, पाऊस असताना नाल्याजवळ जाऊ नये, आणि संत्रे परत काढून खाऊ नये हे सांगायला नकोच.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. दहा-पंधरा वर्षांत वस्ती ५,००० वरून ८,००० झाली. दलदल तेवढीच, १ हेक्टर. पाणी आता किती दिवस थांबेल आणि बाहेर पडताना त्याचा बीओडी किती असेल? पहिले उत्तर पावणेचार दिवस आणि दुसरे सुमारे ४४ यायला हवे. मग ३० च्या आत राहण्यासाठी वस्ती किती होईपर्यंत हे तळे पुरेल, तेही काढून पाहा.